जाणतीला दिसलेली खळ

आमच्या लॉन्ड्रीत नवीन मशीन आलं आणि पहिल्याच दिवशी त्यानं घाटगे सरांचा अपमान केला. सर म्हणजे आमच्या इचलकरंजीतले निवृत्त हेडमास्तर. पांढरा सदरा, पांढरा लेंगा आणि त्याला अशी कडक खळ, की सर खाली बसले तरी सदरा उभाच. त्यांचे कपडे पट्ट्यावर ठेवले. मशीनचा हात पुढं आला, एक सदरा उचलून भिंगाखाली धरला आणि मशीन गोड आवाजात म्हणालं, "कागद सापडला. कृपया खिसे तपासा." मी खिसे तपासले, रिकामे. दुसरा सदरा धरला, पुन्हा कागद. लेंगा धरला, तोही कागद. सर काउंटरला टेकून सगळं बघत होते. म्हणाले, "जयमाला, म्हणजे मी इतकी वर्षं रद्दी घालून हिंडतोय म्हणायचं."

मी जयमाला लोखंडे. आडनाव लोखंडे आणि धंदा इस्त्रीचा, यावर काय विनोद करायचा असेल तो करून घ्या, गावात सगळ्यांचा करून झालाय. मी कंपनीला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. आमचे हे मागून "हळू बोल, हळू बोल" करत होते. मला हळू बोलता येत नाही आणि पोटात काही ठेवताही येत नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सासरी पहिल्याच वर्षी सर्वांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीची इंजिनियर आली. नाझनीन मुजावर, मिरजेची. मला वाटलं होतं, इंग्रजी फाडणारी कुणीतरी येईल. हिनं आल्या आल्या चहा मागितला, स्टुलावर बसली आणि मशीनच्या पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ काढून दाखवली.

"काकू, जुनी मशीनं कशी अंदाज बांधायची माहितीय? कपड्यांनी पाणी किती प्यायलं, किती वेळात प्यायलं, ड्रम फिरवायला मोटरला किती जोर लागला. टॉवेल जास्त पितो, नायलॉन पीत नाही. ही त्याच्या पुढं गेलीय. ही कापडावर एक उजेड टाकते. तांबड्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा. त्यातला थोडा कापड गिळतं, उरलेला परत फेकतं. सूत वेगळा भाग गिळतं, रेशीम वेगळा, पॉलिएस्टर वेगळा, कारण प्रत्येकाची आतली बांधणीच वेगळी. परत आलेल्या उजेडाची ही रेघ. तिच्या चढउतारावरून ही कापड ओळखते."

"मग सदऱ्याला कागद का म्हणते?"

"सूत म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी. खळ म्हणजे पण साखरेच्याच कणांची साखळी, फक्त गुंफण निराळी. आणि गुळगुळीत कागद म्हणजे तरी काय? तसल्याच तंतूंचा लगदा, वर स्टार्चचा, म्हणजे खळीचाच, हात. ती चुकली नाही काकू. तिला खळ हा शब्दच कुणी शिकवला नव्हता. जिथं ती बनली तिथं कुणी सदऱ्याला खळ घालत नाही."

मग आम्ही दोघींनी तिला खळ शिकवली. मी तांदळाची पेज केली, साबुदाण्याची केली, मैद्याची केली. पातळ, मध्यम आणि घाटगे सर. कापडाचे तुकडे बुडवून, वाळवून भिंगाखाली धरले. प्रत्येक वेळी नाझनीन म्हणायची, "ही खळ." संध्याकाळपर्यंत मशीन सरांचा सदरा बघून म्हणू लागलं, "सुती. खळ भरपूर." मला इतकं बरं वाटलं की मी तिचं नाव जाणती ठेवलं. आमच्याकडं शहाण्यासुरत्या बाईला जाणती म्हणतात. मला कधी कुणी म्हटलं नाही, ती गोष्ट वेगळी.

जाणती आल्यापासून माझा एक मोठा त्रास गेला आणि एक सवयही गेली. पूर्वी प्रत्येक कापड माझ्या हातातून जायचं. वास घ्यायचा, डाग बघायचे, कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणी चोरून चिकन खाल्लं, सगळं कळायचं. आता गिऱ्हाइकाची पिशवी थेट पट्ट्यावर. जाणती एकेक नग काढते, बघते आणि ज्याच्या त्याच्या ड्रममध्ये टाकते. मला फक्त पडद्यावर दिसतं, कुणाच्या पिशवीत काय कापड आणि त्याला काय लागलंय.

त्या पडद्यावर एका सोमवारी आमच्या प्रतिभाचं नाव आलं. प्रतिभा म्हणजे माझी धाकटी जाऊ. खाली दुकान, दुकानामागं आम्ही आणि वरच्या मजल्यावर ती, तिची सात वर्षांची ईश्वरी आणि वर्षातून दोनदा माझा दीर, कारण तो सुरतेला गिरणीत असतो. चुली वेगळ्या होऊन बरीच वर्षं झाली. भांडण नाही, पण येणंजाणं मोजकं. सणाला पुरणपोळी वर जाते, वरून कटाची आमटी खाली येते, एवढंच. पडद्यावर लिहिलं होतं, "चादर. सुती. खळ भरपूर."

माझं डोकं फिरलं. चादरीला कोण खळ घालतं? घालायचीच तर माझ्याकडून का नाही? मला सरळ दिसलं की बाई चांगल्या चादरी दुसऱ्या लॉन्ड्रीत देतेय, तिथल्यांना आमची पद्धत ठाऊक नाही, त्यांनी चादरीलाही खळ मारली, आणि आता जाऊबाईला वाईट वाटू नये म्हणून वापरलेली चादर माझ्याकडं. आमचे हे म्हणाले, "असेल काहीतरी." त्यांचं सगळ्यावर हेच उत्तर असतं.

पुढच्या पिशवीत पुन्हा तेच. मी तशीच जिना चढून वर गेले.

प्रतिभा भाजी निवडत होती. ईश्वरी खाटेवर बसून पाण्याचा तांब्या तोंडाला लावत होती. पोरगी वाळलेली दिसली, पण मी रागात होते, माझं तिकडं लक्ष नाही गेलं. मी म्हटलं, "प्रतिभा, खरं सांग, चादरीला खळ कोण घालतं?"

तिचा चेहरा उतरला. हातातली मेथी तशीच राहिली. मग म्हणाली, "मीच घातली, आक्का. घरी."

"चादरीला?"

"जरा कडक बरी वाटते."

आणि तिनं उठून ईश्वरीच्या हातातला तांब्या काढून घेतला. "बास झालं पाणी. संध्याकाळ झाली." पोरगी नुसती तांब्याकडं बघत राहिली.

मी खाली आले ती फणफणत. ह्यांना सांगितलं, शेजारच्या अक्काताईला सांगितलं, इस्त्रीला येणाऱ्या रखमाला सांगितलं. प्रतिभा तोंडावर खोटं बोलते, हे माझं सर्वांना सांगून झालं. ती खोटं बोलत होती हे खरंच होतं. पण का बोलत होती, ते मला कळायला अजून अवकाश होता.

मग एका दुपारी पडद्यावर आलं: "लहान मुलीची चड्डी. सुती. खळ भरपूर."

आता मात्र मला राग येईना. कितीही वाकड्यात शिरायचं म्हटलं तरी लेकराच्या चड्डीला कुणी खळ घालत नाही. म्हणजे प्रतिभा नाही, जाणतीच बिघडली. मी नाझनीनला फोन केला. ती तेव्हा जयसिंगपुरात दुसऱ्या मशीनवर होती, तासाभरात आली. मी म्हटलं, "तुझ्या बाईला वेड लागलंय. चड्डीला खळ म्हणते."

नाझनीननं पडदा उघडला. रेघ मोठी केली. आधी हसत होती, मग हसायची थांबली. तिनं आधीच्या चादरींच्या रेघा काढल्या, एकाखाली एक लावल्या आणि बोटानं एकेक ताडून बघितली.

"काय झालं?"

"काकू, ही खळ नाही. खळीत कणांची साखळी असते. इथं साखळी नाही, सुटे कण आहेत. नुसती साखर. जाणतीला त्याचं नाव माहीत नाही, म्हणून तिनं जवळचं नाव दिलं."

"मग सरबत सांडलं असेल."

"सरबतात लघवीतला युरिया नसतो." तिनं रेघेवरच्या एका छोट्या उंचवट्यावर बोट ठेवलं. मग बोट काढून घेतलं. "हे मला तुम्हाला सांगायची परवानगी नाही. कंपनीचा नियम आहे, कापडाचं वाचायचं, माणसाचं वाचायचं नाही. रक्त असो, औषध असो, जे दिसेल त्याला डाग म्हणायचं, धुवायचं आणि विसरायचं. तशी सोय मशीनमध्येच आहे. पण खळ हा शब्द आपण इथं शिकवला, तो त्या विसरायच्या यादीत नव्हता. म्हणून हे पडद्यावर आलं."

"नाझनीन, मला धड सांग."

तिनं दुकानात कुणी आहे का बघितलं. "ही पिशवी कुणाची ते मी विचारत नाही. पण त्या घरात लहान मूल असेल, ते अंथरूण ओलं करायला लागलं असेल, सारखं पाणी मागत असेल, वाळत चाललं असेल, तर ते आजारी आहे. लघवीतून साखर जातेय. लहान मुलांचा मधुमेह. तो गोड खाऊन होत नाही, अंगातलं इन्सुलिनच संपतं. आणि तो थांबत नाही. आज डॉक्टरकडं न्यायला हवं. उद्या नव्हे."

मला तांब्या दिसला. प्रतिभानं हातातून काढून घेतलेला. मी जिना कसा चढले, मला आठवत नाही.

वर दार लोटलेलं होतं. ईश्वरी जमिनीवर चटईवर झोपली होती, खाटेवर नाही. दुपारी. शेजारी पातेलं, त्यात उलटी. प्रतिभा तिच्या उशाशी बसून वारा घालत होती. मला बघून म्हणाली, "काही नाही, पित्त झालंय. शाळेत काहीतरी खाल्लं असेल."

"ही चादर ओली करते ना?"

प्रतिभा ताडकन उठून उभी राहिली. "कुणी सांगितलं?"

"जाणतीनं."

"म्हणजे तुमचं मशीन आमच्या चादरी वाचतं?" तिचा आवाज चढला. तो मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "आणि तुम्ही ते सांगत वर आलात. आता गल्लीत सांगा. सात वर्षांची घोडी अंथरूण ओलं करते म्हणून सांगा. तुमची लेक प्राजक्ता दीड वर्षाची असताना कोरडी उठायची, हे किती वेळा ऐकवलंय तुम्ही मला. म्हणून मी चादर उन्हात वाळवून, अत्तर शिंपडून पिशवीत घालत होते. तुम्ही विचारलं तेव्हा खळ म्हटलं. खळीची लाज वाटत नाही ना कुणाला."

एरवी मी काय बोलले असते देव जाणे. पण माझी नजर पोरीवर होती. ती झोपेत असा मोठा मोठा श्वास घेत होती, जसं कुणी तिला पळवतंय. मी खाली वाकले. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता.

मी म्हटलं, "प्रतिभा, मी वाईट आहे. तू म्हणशील तेवढी वाईट आहे. मला नंतर काय बोलायचं ते बोल. आत्ता पोरीला उचल. तिचं पाणी तोडू नकोस, तिला आजार आहे. ती मुद्दाम करत नाहीये."

तिनं पोरीकडं वळून बघितलं. मग एकदम खाली बसली आणि म्हणाली, "मी तिला मारलं आक्का. काल. चादरीवरून." तिला रडायला वेळ नव्हता आणि मीही तिला रडू दिलं नाही. ईश्वरीला मी खांद्यावर घेतलं. सात वर्षांची पोर, वजनच लागेना.

खाली नाझनीननं रिक्षा थांबवून ठेवली होती. आमच्या गावात आता सगळ्या रिक्षा विजेवर, आवाज नाही. त्या शांततेत ईश्वरीचा तो श्वास पूर्ण रस्ताभर ऐकू येत होता. प्रतिभा तिच्या कानाशी "ईशू, ईशू" करत होती. मी रिक्षावाल्याला शिव्या घालत होते, त्याचा काही दोष नव्हता.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. बोटाला टोचलं, यंत्राकडं बघितलं आणि कुणाला काही न सांगता स्वतः पळत सुटल्या. मग सलाईन, सुया, काचेपलीकडं माणसांची धावपळ. आम्ही दोघी जावा बाकड्यावर. इतक्या वर्षांत आम्ही एवढ्या जवळ कधी बसलो नसू. प्रतिभानं माझा हात धरला होता आणि मला तो सोडवून घ्यायचं धाडस नव्हतं. बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "वेळेत आणलंत. आज घरी ठेवली असती तर मी तुम्हाला हे वाक्य म्हणू शकले नसते." मग विचारलं, "तुम्हाला संशय कसा आला?"

प्रतिभानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "चादरीवरून."

सुरतेहून दीर आला. ईश्वरी उठून बसली, चिडायला लागली, वरणभात नको म्हणाली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी तिच्या दंडावर चिकटवायचं एक छोटं यंत्र दिलं. ते अंगातली साखर बघत राहतं आणि लागेल तसं इन्सुलिन सोडतं. आजार जन्माचा आहे, पण शाळा, खेळणं, लग्नातली जिलेबीसुद्धा, सगळं हिशेबानं जमेल म्हणाल्या.

इकडं गल्लीत आग लागल्यासारखी विचारपूस. कसं कळलं, कुणाला कळलं. अक्काताई तर रोज काउंटरवर. मी सांगितलं, "प्रतिभाला आधी कळलं. आई आहे ती." खोटं होतं. आयुष्यात पहिल्यांदा गल्लीला मी काहीतरी न सांगता राहिले आणि मला त्याचा इतका त्रास झाला की आमचे हे म्हणाले, "तुला बरं नाही का?"

कंपनीला मात्र मशीनच्या नोंदींवरून कळलं होतं. त्यांनी ठरवलं, जाणतीचा तो डोळाच बंद करायचा. नाझनीन हे सांगायला आली तेव्हा मी तिच्यावर तुटून पडले. "जिच्यामुळं पोरगी वाचली, तिला तुम्ही आंधळी करता?"

प्रतिभा तिथंच होती. ती मध्ये बोलली. "करू देत, आक्का."

"तू असं म्हणतेस?"

"ईश्वरी वाचली. मी तुमच्या आणि त्या मशीनच्या पाया पडेन. पण उद्या एखादीला दिवस गेले, आणि ते तिच्या नवऱ्याच्या आधी तुमच्या दुकानाला कळलं तर? कुणी चोरून पितो, कुणी झोपेच्या गोळ्या घेतं. धुवायला टाकलं म्हणजे वाचायला दिलं असं होतं का?"

"मी कुणाला सांगणार नाही."

"आक्का, तुम्ही?"

ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही. खरं तेच होतं. मी ते सात वर्षांच्या पोरीच्या चादरीवरून सिद्ध करून दाखवलं होतं, आधी प्रतिभा खोटं बोलते असं गल्लीभर सांगून आणि मग पोरीला बघायला वर जाऊन.

नाझनीन मग हळूच म्हणाली, "एक तिसरा रस्ता आहे. कंपनी ऐकेल का माहीत नाही, पण मी भांडेन. जाणती बघेल. पण आधी गिऱ्हाइकाला विचारून. आणि जे दिसेल ते फक्त ज्याची पिशवी त्याच्याच फोनवर. काकूंच्या पडद्यावर काही नाही. फक्त कापड."

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. माझा पडदा. माझं सगळं करमणुकीचं आयुष्य त्या पडद्यावर. पूर्वी हातातून जायचं, मग डोळ्यांसमोरून जायचं, आता तेही नाही. मी म्हटलं, "बंद करा माझा पडदा." आणि मला त्याचं वाईट वाटलं, हे मी लपवत नाही.

नाझनीन पुण्याला कंपनीच्या ऑफिसात जाऊन सहा महिने भांडली. जिंकून आली. आता इचलकरंजीत कुठल्याही लॉन्ड्रीत गेलात तर पिशवी घेताना विचारतात, "नुसतं कापड बघू, का अंगाचंही?" बायका बहुतेक "अंगाचंही" म्हणतात, पुरुष आधी बायकोकडं बघतात. घाटगे सर म्हणाले, "माझ्या अंगात आता गुपित असं काय उरलंय, बघू दे." त्यांच्या फोनवर काय आलं मला ठाऊक नाही, पण दोन दिवसांनी ते रक्त तपासायला गेले आणि हल्ली सकाळी चालताना दिसतात. मी विचारलं नाही. विचारायचं नाही हे मला अजून रोज नव्यानं शिकावं लागतं.

पण त्याच्याही आधीची गोष्ट सांगायची राहिली. ईश्वरीला घरी आणलं त्या दिवसाची.

ती वर गेलीच नाही. रिक्षातून उतरून सरळ दुकानात आली, बापाचं बोट सोडून जाणतीपुढं उभी राहिली. जाणती कुणाच्यातरी साड्या बघत होती. एक उचलायची, थांबायची, ठेवायची.

"मोठी आई, हिनं काय सांगितलं?"

"कुणाला?"

"तुला. माझं."

मी प्रतिभाकडं बघितलं. ती दारात चपला काढत होती, ती तशीच थांबली. मी म्हटलं, "हिनं सांगितलं की ईश्वरीला बरं नाहीये."

"एवढंच?"

"एवढंच."

पोरगी विचार करायला लागली. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे मी मुद्दाम करत नव्हते, हे हिला माहीत होतं?"

माझ्याकडं सगळ्याला उत्तर असतं. याचं मात्र तिच्या आईनं द्यायचं होतं, म्हणून मी बाजूला सरले.

प्रतिभा आत आली, धुवायच्या पिशव्यांच्या ढिगाशी गुडघे टेकून तिच्याएवढी झाली आणि म्हणाली, "हिला माहीत होतं. मला माहीत नव्हतं, ईशू. मला माहीत असायला हवं होतं. तू कधीच मुद्दाम केलं नाहीस."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

ईश्वरीनं मान हलवली. मग तिनं आईच्या गळ्यात हात टाकले आणि इतके दिवस दवाखान्यात सुया टोचताना जी रडली नव्हती, ती तिथं माझ्या दुकानात मोठ्यानं रडायला लागली.